अडलेलं गणित कुणाला विचारायचं?



आपल्या चळवळीचा इतिहास लिहायला बसलं की आपण तळं लिहितो, देऊळ लिहितो, मोर्चे लिहितो. महाड १९२७, काळाराम १९३०, नामांतर १९७८. ते लिहायलाच पाहिजे, त्यात आपल्या माणसांचं रक्त सांडलंय. पण एक इतिहास कुणी लिहीत नाही. तो अडलेल्या गणिताचा आहे. इंजिनिअरिंगला गेलेल्या आपल्या पोराचं रात्री अकरा वाजता एक उदाहरण अडतं. सकाळी ते करून न्यायचंय. बाप रात्रपाळीला, आईला अक्षरओळख नाही, शेजारी बिगारी कामावरून येऊन झोपलेला. मग त्या पोरानं विचारायचं कुणाला?

तुम्ही म्हणाल, हा काय इतिहासाचा विषय झाला? हा तर घरातला प्रश्न. मी म्हणतो, घरातला आहे म्हणूनच इतिहासाचा आहे. ज्या घरात तीन पिढ्यांमागं कुणी ओव्हरसियर होता, त्या घरातल्या पोराला गणित अडलं तर उंबरठा ओलांडावा लागत नाही. काका असतो, आत्याचा नवरा असतो, वरच्या मजल्यावर निवृत्त प्राध्यापक असतो. तिथं ह्याला कुणी मदत म्हणतसुद्धा नाही. चहा पिता पिता होऊन जातं. आपल्या पोराला तीच गोष्ट मागावी लागते, आणि मागितली की तिची लगेच 'सवलत' होते. शिकायचा हक्क आपण भांडून घेतला. विचारायचा हक्क अजून कुठल्या कायद्यात आलेला नाही.

मुळापासून बघू.

गावकीत शिवेचा तंटा झाला की महाराला बोलावत. शीव कुठल्या ओढ्यावरून जाते, खुणेचा धोंडा कुठं पुरलाय, बांध कुठं वळतो, हे त्याला पाठ. त्याचा शब्द पुरावा धरत. म्हणजे गावाच्या जमिनीचा सगळा आकार ज्याच्या डोक्यात, त्याच्याच पोराच्या हातात भूमितीचं पुस्तक आलं की पुस्तक बाटणार! पायानं मोजा, कागदावर मोजू नका, असा हा न्याय.

जोतीराव फुल्यांनी १८५२ त पुण्यात वेताळ पेठेत महार-मांगांच्या मुलांची शाळा काढली. दोन वर्षांनी, १८५४ त, त्याच पुण्यात सरकारनं पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल काढलं. बांधकाम खात्याला हाताखालची शिकलेली माणसं पाहिजे होती. पुण्याचं प्रसिद्ध इंजिनिअरिंग कॉलेज वाढलं ते ह्याच रोपट्यातून. आणि १८५५ त फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. चौदा वर्षांची मांगाची पोर, आपल्या लोकांच्या दुःखाचा जाब विचारत होती. एकाच शहरात, तीन वर्षांच्या आत घडलेल्या ह्या तीन गोष्टी आपण कधी शेजारी शेजारी ठेवून वाचत नाही. एका पेठेत पूल बांधायचं गणित शिकवण्याची सरकारी सोय. दुसऱ्या पेठेत नुसती बाराखडी शिकवली म्हणून शिव्याशाप.

१८५६ त धारवाडला एका महार मुलानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मिळाला नाही. त्यानं मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारनं कबूल केलं की तत्त्वानं न्याय ह्या मुलाच्या बाजूला आहे. पण एका मुलासाठी बाकीची शाळा ओस पडेल, म्हणून हात झटकले. हे प्रकरण पुढं बाबासाहेबांनी सरकारपुढं मांडलं. न्याय तुझा, शाळा त्यांची! हे वाक्य माझं आहे, पण निकाल तोच होता.

आता फळ्याची गोष्ट.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये मास्तरांनी भीमरावांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावलं. वर्गात एकच गलका उडाला. सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे फळ्यामागं ठेवलेले होते. भीमराव फळ्यापाशी पोचायच्या आत पोरांनी धावत जाऊन डबे बाजूला फेकले. धनंजय कीरांच्या चरित्रात हा प्रसंग आहे. आपले वक्ते तो डब्यांसाठी सांगतात, भाकरीला विटाळ झाला म्हणून सांगतात. मी तो उदाहरणासाठी सांगतो. फळ्यावर उदाहरण सोडवणं म्हणजे काय असतं? पोरगं फळ्यापाशी जातं, निम्म्यावर अडतं, मास्तर म्हणतो चिन्ह बदल, पोरगं पुसतं, परत लिहितं. गणित येतं ते असंच, चारचौघांत अडून. नुसतं ऐकून गणित कुणाला आलंय? ज्याला फळ्यापर्यंतची वाटच डब्यांच्या खडखडाटातून काढायची, त्यानं तिथं उभं राहून अडायचं कसं? त्याला एका दमात बरोबर यावंच लागतं. आमच्या पोरांच्या डोक्यावर 'बरोबरच आलं पाहिजे' हे ओझं तिथपासून आहे.

बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार परळच्या चाळीतल्या एका खोलीत स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे आणि मग पोराला अभ्यासाला उठवून आपण झोपायचे. खोलीत जागाच तेवढी. घरात जागं राहणारं माणूस होतं, ही भीमरावांची पहिली शिष्यवृत्ती. दुसरे कृष्णाजी अर्जुन केळूसकर. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या ह्या मुलाला त्यांनी हेरलं, पुस्तकं दिली, पुढं सयाजीराव गायकवाडांपर्यंत नेलं आणि महिना पंचवीस रुपयांची सोय झाली. आपण १९०७ चं मॅट्रिक सांगतो, कोलंबिया सांगतो. मधे एक शिकलेलं माणूस बागेतल्या बाकावर भेटलं, हे घाईघाईत सांगून टाकतो.

मुंबईच्या गिरण्यांत काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. विणकाम खात्यात पगार जास्त, पण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, म्हणून आपल्या माणसाला त्या खात्यात मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी तो प्रश्न लावून धरला. मी तो इथं एवढ्याचसाठी काढला की कसब शिकायला दुसऱ्याच्या शेजारी उभं राहावं लागतं. शेजारी उभं राहू दिलं नाही की वेगळी बंदी घालायची गरजच उरत नाही.

मग २९ ऑक्टोबर १९४२. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्या दिवशी त्यांनी लॉर्ड लिनलिथगोला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं टिपण दिलं. कार्यकर्त्यांनी त्यातला शिक्षणाचा भाग मुद्दाम वाचावा. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या लोकांचं फारसं भलं होणार नाही, विज्ञान आणि तंत्राचं वरच्या पायरीचं शिक्षण पाहिजे, असं त्यात आहे. आणि म्हणतंय कोण? स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा कोळून प्यालेला माणूस! मागणी रोकडी: विद्यापीठांत विज्ञान-तंत्र शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांना वर्षाला दोन लाख रुपये, परदेशी पाठवायला एक लाख. शिवाय सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी. बनारस आणि अलीगढच्या विद्यापीठांना तुम्ही पैसे देता, मग आम्हाला का नाही, हा हिशेब त्यामागं होता. त्यातूनच १९४४ पासून मॅट्रिकच्या पुढची शिष्यवृत्ती आली. आज 'जीओआय स्कॉलरशिप' म्हणून फॉर्म भरायला रांगेत उभी राहणारी किती पोरं हे जाणतात?

आणखी एक. १९५१ साली सुप्रीम कोर्टात मद्रासचं चंपकम दोराईराजन प्रकरण गेलं. त्याच्या जोडीला श्रीनिवासन नावाच्या अर्जदाराचं प्रकरण होतं, ते इंजिनिअरिंग कॉलेजच्या जागेचं. कोर्टानं मद्रास सरकारचा जातवार वाटपाचा हुकूम उडवला आणि मग पहिल्या घटनादुरुस्तीनं १५ (४) हे कलम आलं. कायदामंत्री बाबासाहेबच होते. तेव्हा इंजिनिअरिंगची जागा हे भांडण घटनेइतकंच जुनं आहे.

जागा मिळाली, पैसे मिळाले. जीआर निघाले. पण रात्री अकराचा प्रश्न कुठल्याच जीआरमधे नव्हता. आता मी माझ्या वस्तीकडं येतो, कारण शिष्यवृत्ती दिल्लीत मंजूर होते आणि गणित मोरिवलीत अडतं.

अंबरनाथ म्हटलं की पंडित लोक १०६० सालचं शिलाहारांचं शिवमंदिर दाखवतात. आमचं अंबरनाथ धुराड्यांचं. धरमसी मोरारजी ही १९१९ सालची केमिकल कंपनी, तिचा इथला गंधकाचं तेजाब आणि खताचा कारखाना. विमकोच्या आगपेट्या. ऑर्डनन्स फॅक्टरी. १९६२ त एमआयडीसी निघाली आणि पुढं मोरिवलीच्या बाजूला रसायनं, औषधं, इंजिनिअरिंगचे शेड उठत गेले. पलीकडं उल्हासनगर, जुनी कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथं सिंधी निर्वासित आणून बसवले आणि १९४९ त नवं नाव पडलं. घरदार टाकून आलेल्या त्या लोकांनी पुढल्या वीसेक वर्षांत आपली कॉलेजं उभी केली. त्यातलं चांदीबाई कॉलेज १९६५ चं. बॅरेकीत राहून कॉलेज काढता येतं, हे आम्हाला त्यांनी दाखवलं. मात्र त्यांच्या डोक्यावरचं छप्पर गेलं होतं, डोक्यातली अक्षरं गेली नव्हती. आपली सुरुवात त्याच्याही अलीकडून होती, हा फरक विसरू नये.

माझा बाप १९७२ च्या दुष्काळात बार्शीकडून इकडं आला. मोरिवलीच्या एका कारखान्यात बॉयलरवर लागला. सर्टिफिकेट दुसऱ्याच्या नावावर, कोळसा मारायचा बापानं. कारखान्याचं नाव सांगून काय उपयोग, असे पन्नास होते. वस्तीत शिकण्याची वाट ठरलेली: दहावी, मग आयटीआय. टर्नर, फिटर, मशिनिस्ट. आयटीआयनं आम्हाला पोटाला लावलं, त्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण आयटीआयचं गणित लेथच्या चाकापाशी थांबतं. तिथून पुढं जाणारी पहिली तीन-चार पोरं ऐंशीनंतरची. त्यांत मी.

दहावीपर्यंत आम्ही मराठीत शिकलेलो. त्रिकोणमिती, समीकरण, गुणोत्तर. कॉलेजात गेलो तर सगळं इंग्रजी आणि प्रोफेसर फळ्याकडं तोंड करून म्हणणार, 'इट इज ऑब्व्हियस दॅट'. उघड आहे की! ज्याला उघड आहे त्याला. ह्या एका वाक्यानं आमच्या लोकांचं जेवढं नुकसान केलं तेवढं सरळ शिव्यांनी केलं नसेल. शिवीला उत्तर देता येतं. 'ऑब्व्हियस'ला काय उत्तर देणार?

विहारातला वर्ग सुरू झाला तो १९८४ च्या पावसाळ्यात. ठराव नाही, उद्घाटन नाही. पत्र्याचं विहार, एक दिवा, प्लायवूडला कारखान्यातला काळा रंग मारून केलेला फळा. फळ्यामागं कुणाचे डबे नव्हते. ऑर्डनन्समधे ड्राफ्ट्समन असलेले एक दादा डिप्लोमा झालेले. ते कामावरून आले की दहा वाजता बसायचे. रविवारी ऑर्डनन्सच्या कॉलनीतले एक दक्षिणी मास्तर यायचे, जातीनं कोण ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनीही आम्हाला विचारलं नाही. पोरी मात्र त्या वर्गात नव्हत्या. रात्री दहाला त्यांना पाठवणार कोण? त्यांच्यासाठी दुपारचा वर्ग निघायला नव्वद साल उजाडलं. इतिहास लिहिणाऱ्यानं हेही लिहावं.

काय शिकवायचे दादा? पहिल्या आठवड्यात लिनियर डिफरन्शियल इक्वेशन. ग्रेवालचं जाडजूड पुस्तक उघडं. डी-वाय बाय डी-एक्स, अधिक दोन वाय, बरोबर ई चा एक्स घात. पुस्तक म्हणतं, इंटिग्रेटिंग फॅक्टरनं गुणा. पण का गुणा? दादा म्हणाले, "हे बघा रे, डावीकडं दोन पदं आहेत, वेगवेगळी. तुम्हाला त्यांचं एक करायचंय. असा काहीतरी गुणक शोधा की गुणल्यावर दोन्ही मिळून एकाच गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह होईल." मग ई चा दोन-एक्स घात घेऊन गुणून दाखवलं. डावीकडं वाय गुणिले ई चा दोन-एक्स घात, ह्या एकाच जोडीचं डेरिव्हेटिव्ह झालं. उजवीकडं ई चा तीन-एक्स घात. दोन्हीकडं इंटिग्रेट करा, परत भागा. वाय बरोबर ई चा एक्स घात भागिले तीन, अधिक सी गुणिले ई चा उणे दोन-एक्स घात. दादा म्हणाले, "आता उत्तर परत समीकरणात घालून बघा. मास्तरवर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नको. तपासा." आम्ही तपासलं. जुळलं. त्या रात्री आम्हाला कळलं की गणितात कुणाच्या शब्दाला मान द्यायची गरज नसते. बुद्धवंदना झालेल्या जागेत हे कळलं, ते बरंच झालं.

थर्मोडायनामिक्सचं निराळंच. पी. के. नागांचं पुस्तक १९८१ चं, तेव्हा नवंच होतं आणि चार जणांत एक. उदाहरण असं: बॉयलरवरचा गेज दाब नऊ बार. पाणी तीस अंशाचं. निघणाऱ्या वाफेचा ड्रायनेस फ्रॅक्शन ०.९. एक किलो वाफेमागं उष्णता किती लागली? उत्तराच्या पानावरचा आकडा येईना. स्टीम टेबलात नऊला बघितलं की वेगळा, आणि सोडवून दाखवलेल्या उदाहरणात दहाला बघितलेलं. नऊचे दहा कुठून झाले? त्या दिवशी दादा सेकंड शिफ्टला. आम्ही तिघं बाहेर ओट्यावर बसून वाद घालत होतो. बाप रात्रपाळीला निघाला होता, डबा हातात. थांबला. "काय अडलंय?" म्हणाला. सांगितलं, काट्याचा दाब आणि पुस्तकातला दाब जुळत नाही.

बाप म्हणाला, "काटा शून्यावर आला म्हंजी आत काय न्हाई आसं न्हाई. भायेर हवा हाय तेवढी आत हायच की. काटा त्येच्या वरचं दावतो."

संपलं. गेज म्हणजे हवेच्या वरचा दाब, टेबलात पाहिजे सगळा मिळून दाब. नऊ अधिक हवेचा एक, दहा. दहा बारला पाणी उकळीपर्यंत नेणारे ७६३ किलोज्यूल, पूर्ण वाफ करायला आणखी २०१५. दोन हजार पंधराचे नऊ दशांश १८१३.५. बेरीज २५७६.५. तीस अंशाच्या पाण्यात आधीच असलेले १२६ वजा केले की उरले साधारण २४५०. बापाला किलोज्यूल माहीत नव्हतं. बारा वर्षं त्यानं ते फावड्यानं मोजलं होतं.

ह्याच्यावरून कुणी 'आमच्या श्रमिकांचं उपजत ज्ञान' वगैरे गाणं म्हणू नये. बापाला काट्यातलं कळत होतं तसंच टेबल वाचता आलं असतं तर सर्टिफिकेट त्याच्या नावावर असतं आणि पगारही. मुद्दा एवढाच की त्या रात्री आमच्या आख्ख्या वस्तीत त्या प्रश्नाचं उत्तर होतं, आणि कॉलेजात जाऊन ते मिळालं नसतं. कारण कॉलेजात आम्ही विचारत नव्हतो.

का विचारत नव्हतो, ते सांगतो. सवर्ण पोरानं हात वर करून शंका विचारली की प्रोफेसर म्हणायचे, चांगला प्रश्न आहे. आमच्यातल्यानं विचारली की पहिल्या बाकावरून कुजबुज, 'कोटा'. म्हणजे त्याची शंका ही जिज्ञासा, आमची शंका हा पुरावा. आम्ही सरकारचे जावई आहोत ह्याचा पुरावा! मग शहाणी पोरं काय करतात? गप्प बसतात. मागच्या बाकावर बसून खाली मान घालून फळ्यावरचं उतरवतात, समजो न समजो. एम-वनला केटी लागते, एम-टूला लागते, आणि मग तेच लोक म्हणतात, बघा, ह्यांना झेपत नाही. मी ज्या कॉलेजात होतो तिथं हे रोज घडायचं. नाव घेत नाही, कारण कुठल्याही कॉलेजाचं नाव घातलं तरी वाक्य खरंच राहील.

आणि ज्या अभ्यासक्रमाचा एवढा सोवळा डौल, त्याच्यात नावं तरी कुणाची आहेत? बघितलं की हसू येतं. फूरिए सिरीज. जोसेफ फूरिए हा शिंप्याचा पोरगा, लहानपणीच पोरका झालेला. ग्रीन्स थिअरम. जॉर्ज ग्रीन नॉटिंगहॅमचा पवनचक्कीवाला, पीठ दळणारा. लहानपणी जेमतेम वर्षभर शाळा. १८२८ त स्वतःच्या खर्चानं, वर्गणीदार गोळा करून निबंध छापला. त्या वर्गणीदारांत ब्रॉमहेड नावाचे एक सरदार होते, त्यांनी ह्या माणसाला ओळखलं, पाठीशी उभे राहिले. चाळिशीत ग्रीन केंब्रिजला विद्यार्थी म्हणून गेला. ब्रॉमहेड नसते तर ग्रीन पीठच दळत बसता आणि आम्हाला एम-थ्रीत एक थिअरम कमी पडता! वाफेचं शास्त्र तर सगळं उलट्या दिशेनं आलं. १७१२ त न्यूकोमेन नावाच्या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्यानं इंजिन चालवून दाखवलं. वॅट हा हत्यारं दुरुस्त करणारा, ग्लासगोच्या विद्यापीठात त्याच इंजिनाचा नमुना दुरुस्त करता करता त्याला त्यातली खोट सापडली. इंजिन शंभर वर्षं चालल्यावर, १८२४ त, सादी कार्नोनं त्याचा सिद्धांत लिहिला. आधी काजळी, मग समीकरण. आपल्याकडं काजळी एका जातीला आणि समीकरण दुसऱ्या जातीला वाटून दिलं आणि मग विचारत बसले की इथं वाफेचं इंजिन का निघालं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९७३ त आयआयट्यांत अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा आल्या. १९७८-७९ ला केंद्रानं मेडिकल-इंजिनिअरिंगच्या आपल्या पोरांसाठी बुक बँक काढली, कारण पुस्तकं विकत घेणं आवाक्याबाहेर होतं. योजना चांगली. पण पुस्तकाला प्रश्न विचारता येत नाही. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांचं पीक आलं. जागा वाढल्या, त्याबरोबर शिकवण्या वाढल्या. अडलेलं गणित आता विकत सोडवून मिळू लागलं. ज्याच्याकडं फी त्याला उत्तर. वाडवडलांकडून फुकट मिळणारी मदत आणि पैसे देऊन मिळणारी मदत, ह्या दोन्हीच्या मधे आपली पोरं तशीच उभी राहिली.

मोठ्या संस्थांचे आकडेही हेच सांगतात. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी सुखदेव थोरातांच्या समितीनं केली, अहवाल २००७ चा. तिथल्या दहातल्या जवळजवळ सात दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी सांगितलं की शिक्षकांकडून पुरेशी मदत मिळत नाही. मेडिकलचं आहे, पण वाचा आणि इंजिनिअरिंग घाला. २०१५ त रुरकीच्या आयआयटीनं कमी गुणांसाठी पहिल्या वर्षाची ७३ पोरं एकदम बाहेर काढली. बहुतेक राखीव जागांवरची. बोंब झाल्यावर त्यांना पुन्हा संधी दिली. ज्या संस्थेत एका वर्षात ७३ पोरं अडतात, तिथं अडलंय कोण, पोरं की शिकवणारे?

आणि १२ फेब्रुवारी २०२३. पवईची आयआयटी, आमच्या अंबरनाथपासून लोकल आणि बस धरून दोन तासांवर. पहिल्या वर्षाचा दलित मुलगा, आत्महत्या. घरच्यांनी जातीचा छळ सांगितला. संस्थेच्या समितीनं म्हटलं, जातीच्या भेदभावाचा थेट पुरावा नाही, अभ्यासातली घसरण हे कारण असू शकतं. ह्या प्रकरणाचा निवाडा मी करत नाही, तो माझ्या हातात नाही. पण अहवालातले ते दोन शब्द मला सोडत नाहीत. अभ्यासातली घसरण. जणू अभ्यास हा एकट्या पोराच्या डोक्यातच घडतो आणि तिथंच घसरतो. तो कुणाशेजारी बसत होता, त्यानं कुणाला काय विचारलं, विचारल्यावर समोरच्यानं त्याचा रँक विचारला का, हे सगळं त्या दोन शब्दांत बसवून टाकलं. आपल्या वस्त्यांतल्या शंभर पोरांची घसरण मी बघितली आहे. एकाचीही डोक्यापासून सुरू झालेली नव्हती.

म्हणून सांगतो, पोरांनो, जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे पैसे जातात त्याचा हिशेब मागा. एका विहारात एक फळा, चार स्टीम टेबलं आणि आठवड्यातून तीन रात्री बसणारा एक पास झालेला माणूस, ह्याला डीजेच्या एका रात्रीइतके पैसेही लागत नाहीत. आणि जे आपल्यातले पास होऊन बदलापूरला फ्लॅट घेऊन बसलेत, त्यांच्या दारावर जाऊन थाप मारा. त्यांना भाषणाला बोलावू नका. उदाहरण घेऊन जा.

विहारातल्या त्या वर्गाच्या चौदा वह्या माझ्याकडं आहेत. प्रत्येक पानावर एक उदाहरण, सोडवणाऱ्याचं नाव नाही, खाली 'तपासलं' एवढंच. दोन वह्या १९८९ च्या पावसात भिजून एकमेकींना चिकटल्या. उरलेल्यांची झेरॉक्स मागच्या महिन्यात दोन पोरी घेऊन गेल्या, एक केमिकलला आहे, एक मेकॅनिकलला. परवा परत आल्या होत्या. म्हणाल्या, काका, बॉयलरचे सम आहेत, एन्ट्रॉपीचे फक्त सहा आहेत आणि आम्हाला तेच जास्त येतात. पंधरावी वही त्यांनी सुरू केली आहे.